पेरिस्कोपला एकच डोळा: पाणबुडी कमांडरांच्या आठवणी कुठून वाचायला घ्याव्यात

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांवरचे दोन-तीन सिनेमे पाहिलेत, आता खुद्द कमांडरांनी लिहिलेल्या आठवणी वाचायच्या आहेत. सुरुवात कुठून करू, आणि त्यातलं खरं किती धरायचं?

दुसऱ्या अर्ध्यापासून सुरू करतो, कारण तो विचारायचं बहुतेकांना सुचतच नाही.

मी नौदलात रशियन बनावटीच्या फॉक्सट्रॉट बोटींवर सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपायच्या यंत्रावर, होतो. (पाणबुडीला आम्ही बोटच म्हणायचो. जहाज म्हटलं की जुनी माणसं डोळे वटारायची.) बोटीत पंच्याहत्तर माणसं, आणि हल्ल्याच्या वेळी बाहेरचं बघणारा एकच, कॅप्टन. बाकीचे कोणी व्हॉल्व्हपाशी, कोणी बॅटरीपाशी, कोणी टॉर्पेडोपाशी. आम्ही सोनारवाले कानाला हेडफोन लावून पंख्यांचे फेरे मोजत बसलेले. एका सरावात कॅप्टननी काही सेकंद पेरिस्कोप वर काढला आणि 'विनाशिका' (म्हणजे पाणबुड्यांच्या मागे लागणारी वेगवान युद्धनौका) असं सांगून मोकळे झाले. माझ्या कानात मात्र एका जुनाट इंजिनाचं संथ धडधडणं चालू होतं. मी तसं कळवलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढे हिशेब विनाशिकेचाच धरला. वर आल्यावर दिसलं ते मासेमारीचं ट्रॉलर. गंमत त्याच्या पुढची आहे. संध्याकाळी तोच प्रसंग त्यांनी मेसमध्ये सांगितला तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच विनाशिका दिसली होती.

म्हणून ही पुस्तकं वाचताना एवढं लक्षात ठेवा: त्या बोटीतल्या साठ-सत्तर जणांचं युद्ध एका माणसाने, एका डोळ्याने, तुकड्या-तुकड्यांत पाहिलेलं असतं. तो प्रामाणिक असला तरी.

आता पहिलं पुस्तक. डोळे झाकून सांगतो, एडवर्ड यंग यांचं 'वन ऑफ अवर सबमरीन्स', १९५२ सालचं. हा माणूस मुळात आरमारातला नव्हेच. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारा चित्रकार. पेंग्विन प्रकाशनाचं ते चिन्ह आहे ना, त्यातला पहिला पेंग्विन १९३५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन यानेच रेखाटला. पुढे युद्धात भरती झाला आणि हंगामी अधिकाऱ्यांपैकी ब्रिटिश पाणबुडीची कमान मिळालेला पहिला ठरला. पेंग्विनने आपलं हजारावं पुस्तक म्हणून याचंच पुस्तक काढलं, हा योगही मजेदार.

चित्रकार असल्यामुळे याला बघता येतं आणि बाहेरून आलेला असल्यामुळे काही गृहीत धरत नाही. बोट खाली कशी जाते, पाण्याचं वजन कसं सांभाळतात, ट्रिम म्हणजे काय, हे त्याला स्वतःला शिकावं लागलं, म्हणून तो तुम्हालाही शिकवतो. सुरुवातीलाच एक प्रकरण आहे. जुलै १९४१, उत्तर समुद्र. 'अम्पायर' ही कोरी बोट काफिल्याबरोबर निघालेली, रात्री समोरून आलेल्या आपल्याच बाजूच्या एका ट्रॉलरची धडक बसली आणि ती बुडाली. यंग आत होता. बोटीच्या पाठीवर उभ्या असलेल्या कॉनिंग टॉवरच्या अरुंद नळीत चौघे चेपून उभे, डोक्यावर हॅच, हॅचवर समुद्र. बाहेर पडलेल्यांतले सगळे वाचले नाहीत. यातलं एकही वाक्य त्याने ओरडून लिहिलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पाणबुडीवरच होतो आणि ते प्रकरण संपवून मी उगाचच हॅचपाशी जाऊन आलो होतो.

आपल्याला हे पुस्तक जवळचं वाटायला आणखी एक कारण आहे. यंगची 'स्टॉर्म' १९४४ मध्ये श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून गस्त घालायची. मलाक्काची सामुद्रधुनी, जपान्यांच्या ताब्यातलं अंदमान, असा सगळा आपल्या पूर्वेचा समुद्र. अटलांटिकची तीच ती थंडी वाचून कंटाळा येतो. इथे उकाडा आहे, घाम आहे, घामोळं आहे. ते आम्हाला पाठ होतं.

त्यानंतर अमेरिकन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

रिचर्ड ओकेन यांची दोन पुस्तकं आहेत: 'क्लिअर द ब्रिज' (१९७७) आणि 'वाहू' (१९८७). आधी पहिलं वाचा. त्यात 'टँग' या बोटीच्या पाच गस्ती आहेत, ओकेन तिचा कमांडर. एका बोटीने इतकी जहाजं बुडवल्याची उदाहरणं अमेरिकन नौदलात फार नाहीत. लिहिण्याची पद्धत रुक्ष आहे. तारखा, अंतरं, कोन, टॉर्पेडो किती उरले, असंच चालतं. पन्नास पानांनंतर तीच रुक्षता तुम्हाला धरून ठेवते, कारण बोटीवर डोकं असंच चालतं.

शेवट मात्र कुठल्या कादंबरीकाराला सुचला नसता. २४ ऑक्टोबर १९४४ ची रात्र, तैवानची सामुद्रधुनी. चोवीस टॉर्पेडो होते, तेवीस सुटले. चोविसावा सोडला, तो पाण्यावर उसळला, डावीकडे वळला आणि गोल फिरून 'टँग'च्याच मागच्या भागावर आला. ओकेनने पुलावरून, म्हणजे कॉनिंग टॉवरच्या माथ्यावरून, पूर्ण वेग मागितला, बोट वळवायचा प्रयत्न केला. वीसेक सेकंदांचा खेळ. ८७ जणांपैकी वाचले नऊ. पुलावरून पाण्यात फेकलेले काही, आणि काही चक्क तळाला टेकलेल्या बोटीतून, पन्नासेक मीटर खोलीवरून, श्वासाची पिशवी तोंडाला लावून वर आलेले. जपानी जहाजाने त्यांना उचललं तेव्हा त्या डेकवर 'टँग'नेच बुडवलेल्या जहाजांवरची भाजलेली माणसं होती. त्यांनी यांना बडवून काढलं. ओकेन म्हणतो की मारणारे कोण आहेत हे कळल्यावर तो मार सोसणं थोडं सोपं गेलं. एवढंच म्हणतो आणि पुढे सरकतो.

आता 'वाहू'. ही ओकेनची आधीची बोट. तिथे तो दुय्यम अधिकारी होता आणि कमांडर होता डडली मॉर्टन, 'मश' मॉर्टन. मघाशी मी जो नियम सांगितला तो मॉर्टनने मोडला. हल्ल्याच्या वेळी तो पेरिस्कोपला डोळा लावायचाच नाही. बघायचं काम ओकेनचं. मॉर्टन मोकळ्या डोक्याने सगळ्या हालचालींचा हिशेब धरायचा. का? कारण पेरिस्कोपमध्ये येणारी विनाशिका मोठी मोठी होत जाते आणि बघणाऱ्याचं काळीज लहान होत जातं. न्यू गिनीतल्या वेवाक बंदरात ते शिरले तेव्हा धड नकाशा नव्हता. एका खलाशाने ऑस्ट्रेलियात घेतलेल्या शाळकरी ॲटलासवरून रेघा मोठ्या करून त्यांनी काम भागवलं. समोरून चाल करून आलेल्या विनाशिकेच्या थेट नाकावर टॉर्पेडो सोडले, एकामागून एक चुकले आणि शेवटी एक लागला. हे प्रकरण वाचताना तळहात ओले होतात, माझे तरी झाले.

आणि त्याला दोनच दिवस झाले असताना, २६ जानेवारी १९४३ ला, ते घडलं ज्यासाठी मी 'वाहू' वाचायला सांगतो. त्यांनी 'बुयो मारू' हे सैनिक वाहून नेणारं जहाज बुडवलं. पाण्यात शेकडो माणसं, होड्या, तराफे. मॉर्टनने बोट वर घेतली आणि तोफ व मशीनगन चालवायचा हुकूम दिला. ओकेन आपल्या पुस्तकात कमांडरची बाजू घेतो: रोख होड्यांवर होता, समोरूनही गोळ्या आल्या, आणि हे सैनिक किनाऱ्याला लागले असते तर पुन्हा लढायला उभे राहिले असते. त्याच बोटीवरचा जॉर्ज ग्रायडर (पुढे तो 'फ्लॅशर'चा कमांडर झाला) आपल्या 'वॉर फिश' या पुस्तकात मॉर्टनच्या शत्रुद्वेषाबद्दल लिहिताना अस्वस्थ वाटतो.

त्या पाण्यात कोण होतं हे या दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं. 'बुयो मारू'वर सुमारे ४९० भारतीय युद्धकैदी होते, १६ व्या पंजाब रेजिमेंटचे, जपान्यांनी पकडलेले. नंतरच्या संशोधनातून आकडा आला तो असा: त्या दिवशी १९५ भारतीय आणि ८७ जपानी मेले. टॉर्पेडोने किती आणि गोळ्यांनी किती, याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. पेरिस्कोपमधून दिसले ते खाकी कपड्यांतले सैनिक. ज्यांनी 'वाहू' ही नुसती शौर्यगाथा म्हणून वाचली, त्यांच्या वाचनातून आपली १९५ माणसं गळून गेली. मी स्वतः पहिल्या वाचनात ते पान पटकन उलटून पुढे गेलो होतो, हेही सांगून टाकतो.

तर पद्धत अशी ठेवा. कुठलंही पुस्तक वाचताना त्याच प्रसंगाची दुसरी बाजू कुठे मिळते ते बघा. अमेरिकन बोटींच्या गस्तीचे मूळ अहवाल स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेले आहेत. 'टँग'चा शेवटचा अहवाल ओकेनने कैदेतून सुटल्यावर आठवणीतून लिहिला, तो पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. जर्मन बोटींसाठी यूबोट डॉट नेट आहे, प्रत्येक बोटीने नेमकी कुठली जहाजं बुडवली हे तारखेनिशी सापडतं.

ही चाळणी लावायची झाली की पहिला नंबर जर्मनांचा. गुंटर प्रीन यांचं पुस्तक १९४० चं, म्हणजे युद्ध चालू असताना, गोबेल्सच्या प्रचारखात्याला हवं होतं तेव्हाचं. स्कापा फ्लोमध्ये, ब्रिटिश आरमाराच्या अंगणात शिरून त्याने 'रॉयल ओक' बुडवली, १४ ऑक्टोबर १९३९, आठशेच्या वर माणसं गेली. पराक्रम खराच. पण त्याने 'रिपल्स' या दुसऱ्या युद्धनौकेलाही टॉर्पेडो लागल्याचा दावा केला आणि 'रिपल्स' त्या रात्री तिथे नव्हतीच. पुन्हा तोच डोळा. १९४१ च्या मार्चमध्ये प्रीन बोटीसकट गेला, त्यामुळे शांतपणे बसून दुरुस्त्या करायची वेळ त्याला मिळालीच नाही. हे पुस्तक प्रचार कसा लिहितात ते बघायला वाचा, नाहीतर सोडा.

हर्बर्ट वेर्नर यांचं 'आयर्न कॉफिन्स' (१९६९) तुम्हाला प्रत्येक जण सुचवेल. पकड जबरदस्त आहे. साधारण चाळीस हजार यू-बोटवाल्यांपैकी तीस हजारांच्या आसपास परतले नाहीत. १९४३ च्या एकट्या मे महिन्यात चाळीसहून जास्त बोटी बुडाल्या. आज बंदरात ज्याच्याबरोबर जेवलो तो पुढच्या पानावर नाही, ही लय त्या पुस्तकात आहे आणि ती खरी आहे. तपशील मात्र जपून घ्या. वेर्नरने सांगितलेली काही बुडवलेली जहाजं नोंदींत सापडत नाहीत, आणि त्याच्याच जुन्या सोबत्यांनी काही गोष्टींना हरकत घेतली होती. मी ते पुस्तक कादंबरीच्या कप्प्यात ठेवलंय. फेकलेलं नाही.

जर्मनांपैकी एकच निवडायचा असेल तर एरिख टॉप. ३१ ऑक्टोबर १९४१ ला त्याच्या यू-५५२ ने 'रूबेन जेम्स' ही अमेरिकन विनाशिका बुडवली, अमेरिका युद्धात उतरण्याच्याही आधी. शंभरच्या आसपास नाविक गेले. युद्धानंतर हा माणूस आर्किटेक्ट झाला, मग परत पश्चिम जर्मनीच्या नौदलात जाऊन ॲडमिरल. म्हातारपणी, १९९० मध्ये, लिहायला बसला तेव्हा आपण नाझी पक्षात गेलो होतो हे त्याने लपवलं नाही, आणि आपण काय बघायचं टाळलं तेही विचारलं. मित्र एन्ड्रास बुडाला त्याबद्दलची पानं फार हळवी आहेत. इंग्रजीत ते 'द ओडिसी ऑफ अ यू-बोट कमांडर' नावाने आहे. वेग नाही. ज्यांना फक्त डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे पाण्यात फुटणारे बॉम्ब) हवेत त्यांना ते आवडणार नाही.

जपान्यांचं एक घ्याच: मोचित्सुरा हाशिमोतो यांचं 'संक', इंग्रजीत १९५४ मध्ये आलं. हाशिमोतो हा आय-५८ चा कमांडर. ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर त्याने 'इंडियानापोलिस' ही क्रूझर बुडवली, जी नुकतीच अणुबॉम्बचे भाग टिनियनला उतरवून फिलिपिन्सकडे निघाली होती. त्याने वर काय कळवलं? 'आयडाहो' वर्गाची बॅटलशिप, म्हणजे क्रूझरहून बरीच मोठी युद्धनौका, बुडवली. अंधारात चंद्राच्या तिरिपेवर क्रूझर त्याला बॅटलशिप दिसली, तो अनुभव वर सांगून झालाच आहे.

पण पुस्तक त्या एका रात्रीसाठी वाचायचं नाही. बहुतेक भाग संतापाचा आहे. जपानी नौदलाने आपल्या उत्तम बोटींचं काय मातेरं केलं, रडार वेळेवर दिलं नाही, अडकून पडलेल्या बेटांवर तांदूळ पोचवायला पाणबुड्या जुंपल्या, आणि शेवटी माणसं बसवलेले टॉर्पेडो त्यांच्या पाठीवर बांधले. हरलेला माणूस जास्त स्पष्ट लिहितो. त्यानंतरची गोष्ट पुस्तकाबाहेरची. 'इंडियानापोलिस'चा कॅप्टन मॅकव्हे याच्यावर अमेरिकेत कोर्ट मार्शल झालं, नागमोडी मार्ग ठेवला नाही म्हणून. तिथे साक्षीला खुद्द हाशिमोतोला आणलं, आणि त्याने सांगितलं, नागमोडी गेला असता तरी मी बुडवलाच असता. तरी मॅकव्हे दोषी ठरला. १९६८ मध्ये त्याने स्वतःला गोळी घातली. हाशिमोतो शिंतो पुजारी झाला होता. १९९९ मध्ये त्याने मॅकव्हेला निर्दोष ठरवा म्हणून अमेरिकन सिनेटर वॉर्नर यांना पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००० मध्ये, संसदेने तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात हाशिमोतो वारला.

आणखी काही भराभर सांगतो. यूजीन फ्लकी यांचं 'थंडर बिलो' (१९९२) सगळ्यांत मजेचं. 'बार्ब'चे आठ खलाशी जुलै १९४५ मध्ये रबरी होड्यांतून सखालिनच्या किनाऱ्यावर उतरले आणि रुळाखाली स्फोटकं ठेवून एक अख्खी आगगाडी उडवून आले. बोटीच्या झेंड्यावर बुडवलेल्या जहाजांबरोबर आगगाडीचंही चित्र आहे. फ्लकी थोडा स्वतःवर खूश असलेला माणूस आहे, पण माझ्या हाताखालच्या एकाही माणसावर जखमेचं पदक घ्यायची वेळ आली नाही, ही त्याची बढाई मला मान्य आहे. ॲलिस्टर मार्स यांचं 'अनब्रोकन' माल्टाचं आहे. लहानशा बोटीने ऑगस्ट १९४२ मध्ये चार टॉर्पेडोंच्या एका फैरीत दोन इटालियन क्रूझर निकामी केल्या. एका बैठकीत वाचून होतं. आणि 'द साउंड ऑफ म्युझिक'मधला शिट्टी वाजवणारा कॅप्टन आठवतो? खरा गेओर्ग फॉन ट्रॅप पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा पाणबुडी कमांडर होता. त्याच्या 'यू-५'ला पेट्रोलचं इंजिन होतं, आतल्या वाफेने माणसं भोवळून पडायची. १९१५ मध्ये त्याने 'लेओन गॅम्बेटा' ही फ्रेंच क्रूझर बुडवली, ६८४ माणसं गेली. पुस्तक १९३५ चं, नातीने केलेलं इंग्रजी भाषांतर २००७ मध्ये आलं, 'टू द लास्ट सल्यूट'. यात गाणी नाहीत.

टॉर्पेडोबद्दल दोन शब्द न सांगता सुटका नाही, कारण हे माहीत नसेल तर अमेरिकन पुस्तकांतली निम्मी चिडचिड कळणार नाही. १९४३ च्या शरद ऋतूपर्यंत त्यांचा मार्क १४ टॉर्पेडो दगा देत राहिला. आधी तो ठरवल्यापेक्षा दहाएक फूट खोल जायचा. खोली सुधारली तर चुंबकीय यंत्रणा अवेळी फुटायची. ती बंद केली तर नेमका काटकोनात बसलेला टॉर्पेडो फुटायचाच नाही, कारण आतली पिन धडकेने वाकायची. म्हणजे नेम जितका अचूक तितका फुसका बार. जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा'ने थांबलेल्या एका प्रचंड जहाजावर एकेक करून टॉर्पेडो मारले, ठण्ण आवाज यायचा आणि काही नाही. कमांडरने शेवटचा एक मारलाच नाही, तपासायला म्हणून घरी परत नेला. कडेकपारीवर टॉर्पेडो मारून चाचण्या झाल्या तेव्हा पिन सापडली. कार्यालयात बसलेले लोक तोवर कमांडरांनाच नेम धरता येत नाही म्हणत होते.

एडवर्ड बीच यांचं 'सबमरीन!' (१९५२) शेवटी ठेवा. युद्धाच्या अगदी शेवटी त्याला स्वतःची बोट मिळाली, त्यामुळे यातलं बरंचसं हाताखालच्या अधिकाऱ्याच्या जागेवरून पाहिलेलं आहे. 'ट्रिगर' या आपल्या जुन्या बोटीबद्दल तो असा लिहितो जसं कुणी घराबद्दल लिहितं. मग त्याची बदली होऊन तो 'तिरांते'वर गेला. मार्च १९४५ मध्ये 'ट्रिगर' जवळच्याच समुद्रात होती, 'तिरांते'वरून तिला रेडिओवर हाका मारल्या, पुन्हा मारल्या, उत्तर आलं नाही. त्या पानावर कोणी काहीही बघत नाही. सगळे ऐकतायत.

क्रम हवा असेल तर: यंग, मग 'क्लिअर द ब्रिज', मग हाशिमोतो, मग 'वाहू' आणि ग्रायडर जोडीने, मग टॉप. मधे कधीतरी विशाखापट्टणमला जाणं झालं तर समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' ठेवलेली आहे, आमच्याच जातीची फॉक्सट्रॉट, २००२ पासून संग्रहालय म्हणून. गर्दी पेरिस्कोपपाशी असते, फोटो काढायला. सोनारचा कोपरा लहान आहे, लोक तिथून पटकन पुढे सरकतात. तुम्ही जरा थांबा.